‘आणि’ची वेलांटी

कीबोर्डवरचं सगळ्यात गरीब बटण कोणतं, असं कुणी विचारलं तर मी स्पेसबार म्हणेन. लांबलचक, कोरा, त्याच्यावर ना अक्षर ना खूण. दाबला तरी कागदावर काही उमटत नाही. माझ्या हातून आयुष्यात जे सगळ्यात नीच काम झालं ते मी याच बटणाकडून करून घेतलं, आणि करताना मला मजा आली. मजा आली हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करायला नको.

नारायणगावात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेची पत्रं, वाढदिवसाचे फ्लेक्स, तहसीलच्या अर्जांचे मसुदे. जुन्नर तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्या मुलांची नावं माझ्या बोटांखालून गेलेली आहेत. बाहेर ‘मराठी टायपिंग अचूक करून मिळेल’ असा बोर्ड आहे. तो मी दुसऱ्याकडून तपासून घेतला होता, कारण मला ऱ्हस्व-दीर्घ येत नाही. अजून येत नाही. हे लिहिलेलंही दुसऱ्याने तपासलं आहे.

येत नाही म्हणजे शिकवलं नाही असं नव्हे. पिंपरी पेंढारच्या शाळेत पाचवीला आम्हाला मराठीच्या बाई होत्या. छडी त्यांनी कधी हातात धरली नाही, त्यांना तिची गरजच नव्हती. त्या वही उचलायच्या आणि आपण जे चुकीचं लिहिलं असेल ते चुकीसकट मोठ्याने वाचायच्या. मी ‘आणी’ लिहायचो. पहिल्या वेलांटीच्या जागी दुसरी. बाई वर्गासमोर उभ्या राहून वाचायच्या, “राम आणीऽऽऽ लक्ष्मण.” तो ‘णी’ त्या इतका लांबवायच्या की मागच्या बाकापर्यंत सगळी पोरं हसून लोळायची.

एकदा त्यांनी मला तो शब्द दोनशे वेळा लिहायला लावला. शब्दाच्या शेवटी वेलांटी आली की ती दुसरी, अपवाद फक्त ‘आणि’ आणि ‘नि’, हा नियम आधी म्हणायचा आणि मग लिहायचं. दीडशेपर्यंत मी बरोबर होतो. पुढे हात दुखायला लागला, डोकं बंद पडलं आणि शेवटचे पन्नास पुन्हा ‘आणी’ झाले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर बाईंनी ती वही सगळ्या शाळेला दाखवली. त्या दिवसापासून माझं नाव वेलांट्या पडलं. वडीलसुद्धा मला मळ्यात त्याच नावाने हाक मारायचे. पुढे माझं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडचे पाहुणे गावात येऊन ‘वेलांट्याचं घर कुठलं’ असं विचारत आले होते. ज्यांच्या वह्या चांगल्या असत त्यांना बाई पानाखाली लाल शाईने ‘शाब्बास’ लिहायच्या. माझ्या वहीत तो शब्द कधी आला नाही.

दुकान टाकल्यावर काही वर्षांनी राजुरीच्या एका लग्नाच्या पत्रिकेत मी ‘नम्र विनंति’ छापलं. पत्रिका वाटून झाल्यावर कुणीतरी त्याला लाल गोल करून फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. मुलाचा बाप दुकानात आला.

“अवो भाऊ, पोरीकडचे हसत्यात राव आमाला. येवढं येत नसंल तर बोर्ड उतरवा की.”

त्या आठवड्यात मी बटणांची उलटापालट शिकलो. मी मजकूर आधी एका साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहितो आणि तिथून उचलून डिझाइनमध्ये टाकतो. त्या एडिटरमध्ये कुठलं बटण दाबल्यावर काय व्हावं हे आपल्याला ठरवता येतं. चार-सहा व्हिडिओ बघून मी बाईंचा नियम स्पेसबारमध्ये भरला. शब्द संपला की माणूस स्पेस देतोच. ती देण्याआधी बटणाने मागे वळून बघायचं, शब्दाच्या शेवटी पहिली वेलांटी दिसली तर तिची दुसरी करायची आणि मग पुढे सरकायचं. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे होऊन जायचं. ‘विनंति’ची ‘विनंती’ झाली, ‘उपस्थिति’ची ‘उपस्थिती’ झाली. मी खूश. दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरही तीच व्यवस्था चढवून टाकली.

अपवाद मात्र मी विसरलो. दोनशे वेळा लिहिलेला शब्दच नेमका विसरलो. तीन दिवसांनी लक्षात आलं की माझा स्पेसबार ‘आणि’चं ‘आणी’ करतोय. ते निस्तरायला आणखी दोन ओळी लिहाव्या लागल्या असत्या. मी त्या लिहिल्या नाहीत. लग्नपत्रिकेत तसंही ‘व’ चालतो, तेव्हा मी ‘आणि’ लिहिणंच सोडून दिलं. सगळीकडे ‘व’. दोन वर्षं माझ्या दुकानातून एकही ‘आणि’ बाहेर पडला नाही, आणि कुणाला ते कळलंही नाही.

मग एका दुपारी बाई दुकानात आल्या.

मी लगेच ओळखलं. केस पांढरे झाले होते, पाठ थोडी वाकली होती, पण वही छातीशी धरायची पद्धत तीच. मी उठून उभा राहिलो. त्या ओळखतील म्हणून दोन क्षण तसाच उभा राहिलो.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “तुमच्याकडे टाइप करायला बसता येईल का? मला करून नको आहे. माझं मला करायचं आहे.”

भाऊ. तुमच्याकडे. एका शब्दापायी जिने माझं नाव पुसून टाकलं तिला माझं तोंडही आठवत नव्हतं. “बसा की बाई,” एवढंच म्हणालो आणि दुसरा कॉम्प्युटर उघडून दिला.

त्यांचं काम असं होतं. त्यांचं मूळ गाव येडगावच्या बाजूचं. धरण झालं तेव्हा त्यांच्याकडची बरीच वावरं पाण्याखाली गेली. त्या वावरांना नावं होती. दोन सुनांचं वावर, म्हसोबाची पट्टी, कोल्ह्याचा माळ, भांडणाची विहीर. म्हाताऱ्या माणसांकडे फिरून बाईंनी ही नावं गोळा केली होती, कुठलं वावर कशाच्या शेजारी होतं, बांधावर काय होतं, नाव का पडलं, सगळं. एक जाड वही भरली होती. अक्षर अजून मोत्यासारखं. त्याचं पुस्तक करायचं होतं.

रोज दोन ते चार त्या यायच्या. बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर होते, ते बघत एका बोटाने टाइप करायच्या. चष्मा दुहेरी काचेचा, त्यामुळे खाली बघताना खालीच आणि वर बघताना वरच. ओळ पूर्ण झाली की मान उचलायची, ती समोर टेकवलेल्या वहीतली पुढची ओळ बघायला. मी मधून चहा सांगायचो. चौथ्या-पाचव्या दिवशी चहा पिताना त्या स्वतःहून बोलायला लागल्या.

“माझी थोरली बहीण हेडमास्तरीण होती. तिचं आधी शुद्धलेखन गेलं. किराणाच्या यादीत तूरडाळ लिहिताना पहिला उकार द्यायला लागली. आम्ही हसलो. मग तिला माणसांची नावं आठवेनात. शेवटी तिला मीही आठवेना.”

मी कप धुवायला उचलला.

“म्हणून मी हे स्वतः करते आहे. रोज स्वतःची परीक्षा घेते म्हणा. भाच्याला सांगून ठेवलंय, माझं शुद्धलेखन शाबूत आहे तोवर मी माझ्या घरी एकटी राहीन. ज्या दिवशी ते जाईल त्या दिवशी मला तुझ्याकडे मंचरला घेऊन जा, मी हुज्जत घातली तरी ऐकू नकोस.”

येडगाव रस्त्याला त्यांच्या दोन खोल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. नोकरी, त्या दोन खोल्या आणि दारातली जास्वंद, एवढा त्यांचा संसार. भाचा म्हणजे त्याच बहिणीचा मुलगा. आईचं सगळं त्याने केलं होतं, आता मावशीचंही करायला तयार होता.

दहा पानं झाल्यावर बाईंनी प्रिंट मागितली. मी काढून दिली. त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं, पहिल्या ओळीवर टेकवलं आणि ते तिथेच राहिलं.

“आणी,” त्या म्हणाल्या. वर्गात वाचायच्या तसं लांबवून नाही. हळू, एखाद्याने आपल्याच कपाळाला हात लावून ताप बघावा तसं. मग पुढची ओळ. तिथेही ‘आणी’. दहा पानांत सदतीस होते, त्यांनीच मोजले.

“हे मी लिहिलं?”

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. बाई, तुमची चूक नाय, हा स्पेसबार करतोय. एका वाक्याचं काम होतं. मी त्यांच्या पेनाकडे बघितलं. लाल टोक अजून कागदावरच होतं. मला गोड वाटलं, आणि मी म्हणालो, “प्रिंट तुमच्याच फायलीची हाय बाई.”

ते खोटं नव्हतं. म्हणूनच मला इतकं सोपं गेलं.

“उन्हातून आले, त्याने असेल,” असं म्हणून बाईंनी सदतीसच्या सदतीस दुरुस्त केले. दुसऱ्या दिवशी फाइल उघडून प्रत्येक शब्द सुधारत बसल्या. वेलांटी खोडायची, नवी द्यायची, शब्दानंतर पुन्हा स्पेस द्यायची त्यांची शिस्त. स्पेस दिली की पुन्हा ‘आणी’. मी माझ्या टेबलावरून बघत होतो. त्या ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या, “आ, ण, पहिली.” मग स्पेस, मग मान वर. मग तोंड उघडं. शब्द संपवून स्पेस देण्याआधी त्यांनी एकदा जरी मान उचलली असती तर स्क्रीनवर बरोबर शब्द दिसला असता आणि माझा खेळ तिथेच संपला असता. मला प्रत्येक वेळी धास्ती वाटायची, आणि प्रत्येक वेळी त्या मुकाट्याने आधी स्पेस द्यायच्या.

“भाऊ, मी आत्ता काय दाबलं? तुम्ही बघितलंत?”

“दुसरीच दाबली तुमी.”

हे मात्र खोटं होतं. आता खोटंही सोपं जायला लागलं होतं.

तिथे थांबलो असतो तर एखादा म्हणाला असता, चुकून झालं, सांगायचं राहून गेलं. मी थांबलो नाही. त्याच आठवड्यात सकाळी दुकान उघडल्यावर मी बाईंच्या कॉम्प्युटरवर बसलो आणि त्या स्पेसबारला आणखी एक शब्द शिकवला. ‘विहीर’. बाईंच्या वहीत पानोपानी विहिरी होत्या. आता त्यांनी ‘विहीर’ लिहून स्पेस दिली की ‘विहिर’ व्हायचं. एवढा एकच शब्द. जास्त केलं असतं तर संशय आला असता. पत्रिकेत मी इतकी काळजी कधी घेतली नव्हती.

पुढचे पंधरा दिवस मी मजेत होतो. गिऱ्हाइकांशी नीट बोलत होतो. घरी बायको म्हणाली, “सध्या लई खुशीत दिसताय.” बाई मात्र रोज थोड्या कमी होत होत्या. आधी पान-दीड पान व्हायचं, ते अर्ध्यावर आलं. मध्येच थांबून बोटं मोजायच्या. एकदा मला विचारलं, “भाऊ, विहीर शब्दात आधी पहिली ना हो?” पाचवीत प्रार्थनेनंतर माझी वही सगळ्या शाळेला दाखवणारी बाई मला, वेलांट्याला, वेलांटी विचारत होती. मी म्हणालो, “आमाला काय कळतंय बाई त्यातलं.”

मग एक दिवस त्या आल्या त्या हसत आल्या. हातात दोन कागद होते, दोन्ही बाजूंनी लिहिलेले.

“भाऊ, मी काल घरी बसून हाताने लिहिलं. शंभर वाक्यं. प्रत्येकात आणि, प्रत्येकात विहीर. एकही चूक नाही! बघा तुम्ही. म्हणजे कागदावर बरोबर येतंय, या मशीनवरच चुकतंय. तुमच्या मशीनमध्येच काही असेल का?”

बाई हुशार होत्या. त्यांनी चोर बरोबर दारात पकडला होता. त्यांचा चेहरा असा उजळला होता की त्यांचं वय दहा वर्षांनी उतरलं होतं. मला सुटायला इतकी सरळ वाट पुन्हा मिळणार नव्हती. ‘हां बाई, असंल काहीतरी, बघतो’ म्हणायचं, संध्याकाळी दोन ओळी पुसायच्या, मिटलं. कुणाला काही कळलं नसतं.

“मशीनला काय कळतंय बाई,” मी म्हणालो. “आपून दाबू तेच उठतं. कागदावर तुमी विचार करून लिवता. हितं हात आपोआप जातो.”

बाई खुर्चीत बसल्या. बराच वेळ कागदांची घडी घालत राहिल्या.

“बरोबर आहे तुमचं,” त्या म्हणाल्या. “ताईचंही तसंच होतं. विचार करून बोलली की नीट बोलायची. आपोआप बोलली की चुकायची.”

त्या दिवशी त्यांनी टाइप केलं नाही. मी म्हणालो ते इतकं पटण्यासारखं होतं की क्षणभर मलाही पटलं.

चार दिवस त्या आल्या नाहीत. पाचव्या दिवशी मी जेवायला गेलो असताना येऊन गेल्या. दुकानाला अर्धं शटर होतं. टेबलावर त्यांची वही नव्हती, फक्त एक चिठ्ठी होती. त्याच मोत्यासारख्या अक्षरात: ‘भाऊ, माझा चष्म्याचा डबा इथे राहिला होता तो नेते आहे आणी काम सध्या थांबवते आहे.’

आणी. निळ्या शाईने, हाताने. तिथे स्पेसबार नव्हता.

मी ती चिठ्ठी उजेडात नेऊन बघितली. वेलांटी खोडलेली होती. आधी पहिली दिली होती, ती काट मारून शेजारी दुसरी दिली होती. बाईंना बरोबर येत होतं, आणि त्यांनी ते स्वतःच्या हाताने चुकीचं केलं होतं. मी धावत आत गेलो, दोन्ही कॉम्प्युटरवरून ती सगळी व्यवस्था काढून टाकली, तिची फाइलसुद्धा पुसली. जणू तिथून पुसलं की बाईंच्या हातातूनही पुसलं जाणार होतं.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ, काय सांगायचं ते आधी ठरवू, असं करता करता तीन आठवडे घालवले. मग गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं आणि जास्वंदीला कुणी पाणी घातलेलं नव्हतं. शेजारीण म्हणाली, बाईंनी स्वतःच फोन करून भाच्याला बोलावलं, हुज्जत घातली नाही.

मंचरला भाच्याचं घर शोधायला वेळ लागला नाही. भाचा भला माणूस होता. “या पावणं, या. मावशी तुमची लई आठवण काढती,” म्हणाला. बाई आतल्या खोलीत खिडकीपाशी बसल्या होत्या. मला बघून हसल्या. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. स्पेसबार, राजुरीची पत्रिका, विहीर, सगळं. भाचा दारात उभा राहून ऐकत होता.

“ते मी केल्यालं व्हतं, बाई. तुमी एकदाबी चुकला न्हाई. मी पाचवीला तुमच्या वर्गात व्हतो. पिंपरी पेंढारला. वेलांट्या. तुमी मला दोनशे वेळा लिवायला लावलं व्हतं.”

बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर हात ठेवला.

“तुम्ही फार चांगले आहात, भाऊ. म्हातारीला बरं वाटावं म्हणून इतक्या लांब आलात, स्वतःवर आळ घेतलात. स्पेसबार कधी वेलांटी बदलतो का? तुम्हीच मला सांगितलं होतंत, मशीनला काय कळतं म्हणून.”

“बाई, शप्पथ.”

“आणि वेलांट्या वगैरे असं मी कुठल्या मुलाला म्हटलं नसतं हो. मुलांना असं कोणी लाजवतं का? पण तुमच्या ज्या कोणी बाई होत्या, त्यांनी तुम्हाला वळण चांगलं लावलंय.”

मी भाच्याकडे बघितलं. त्याने मला मान हलवून खुणावलं, जाऊ द्या. बाहेर आल्यावर तो म्हणाला, “तुमी बोलला ते बरं केलं. पण तिला आता काय बी सांगून उपेग नाय. आईचंबी असंच व्हतं.” त्यालाही ते खोटंच वाटलं होतं. दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं, पुरावा मीच पुसला होता. पुन्हा तशी व्यवस्था लावून दाखवली असती तर त्याने म्हटलं असतं, आत्ता केली, तेव्हा होती कशावरून?

निघताना बाईंनी वही माझ्याकडे दिली. “तुम्हाला सवड असेल तर टाइप करून पुस्तक करा. मी शुद्धलेखन तपासून ठेवलंय.”

एसटीत कळंब सुटल्यावर मी वही उघडली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, जिथे जिथे ‘आणि’ होतं, तिथे लाल शाईने पहिली वेलांटी काटून दुसरी दिली होती. जिथे जिथे ‘विहीर’ होती तिथे ‘विहिर’. मोजायची माझी हिंमत झाली नाही. एकाही जागी हात चुकलेला नव्हता. किती दिवस बसून केलं असेल कोण जाणे. पस्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेला हात होता तो, त्याने स्वतःची वही तितक्याच कडकपणे तपासली होती.

मी पुस्तक टाइप केलं. सगळं बरोबर केलं, तपासून घेतलं, कुठेही ‘व’ घालून पळवाट काढली नाही. एक प्रत बांधून तयार ठेवली. तेव्हा भाच्याचा फोन आला.

“मावशी रोज इचारती, पुस्तक झालं का. पण एक सांगू का? चुका दिसल्या ना, की तिला लई त्रास व्हतो. परवा औषधाच्या कागदावर कायतरी सापडलं, तर दिसभर जेवली नाय. म्हणली, मला सगळंच उलटं दिसाया लागलं. जरा बघून छापा.”

बरोबर छापलेल्या पुस्तकात बाईंना पानोपानी चुका दिसणार होत्या. मी बसलो आणि स्पेसबारमध्ये ती व्यवस्था पुन्हा भरली. या वेळी विसरल्यामुळे नाही. सगळा मजकूर पुन्हा टाइप केला, आणि प्रत्येक ‘आणि’ माझ्या डोळ्यांदेखत बदलताना बघितला. बाईंसाठी म्हणून एकच प्रत काढली. दुसरी, बरोबर असलेली, माझ्या टेबलाच्या खणात आहे. ती अजून कुणी मागितलेली नाही.

ती प्रत घेऊन मी मंचरला गेलो. बाईंनी लाल पेन मागून घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचायला बसल्या. मी समोर जमिनीवर बसलो होतो. त्या मोठ्याने वाचत होत्या, “दोन सुनांचं वावर आणीऽऽऽ म्हसोबाची पट्टी.” अगदी वर्गात वाचायच्या तसं, लांबवून. संध्याकाळपर्यंत पेन एकाही शब्दावर टेकलं नाही. भाच्याने दोनदा चहा आणला. पुस्तक संपलं तेव्हा बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे नीट बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला ‘तू’ म्हणाल्या.

“एकही चूक नाही तुझी.”

मग शेवटच्या पानाखाली, डाव्या कोपऱ्यात, जिथे त्या पाचवीत लिहायच्या तिथेच, त्यांनी लाल शाईने ‘शाब्बास’ लिहिलं, आणि बघायला म्हणून ते पान माझ्यापुढे धरलं.